गेलेले पॅकेट परत का येत नाही?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. इंटरनेट सेवा देणाऱ्याने बसवून दिलेला राउटर बाजूला ठेवून ओपनडब्ल्यूआरटी, पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स यांपैकी एखादी मुक्तस्रोत प्रणाली वापरायला घेतलेल्या वाचकांची ही पत्रे असून, सर्व काही नीट मांडले आहे, दिवे हिरवे आहेत, तरी अमुक एक गोष्ट चालत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. यांतली सहा पत्रे निवडून त्यांना या अंकात सविस्तर उत्तरे देत आहे.

पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवली. जवळजवळ प्रत्येक वाचकाने आपले पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा गठ्ठा, समोरच्यापर्यंत कसे जाते याचा विचार केला आहे. त्याचे उत्तर कोणत्या वाटेने परत येते याचा विचार फार थोड्यांनी केला आहे. राउटर प्रत्येक पॅकेटचा निर्णय स्वतंत्रपणे घेतो. जाणाऱ्या पॅकेटला वाट सापडली म्हणून येणाऱ्याला ती सापडेलच असे नाही, आणि आपल्याला दिसणारे लक्षण मात्र दोन्ही बाबतींत एकच असते : उत्तर येत नाही. म्हणून पुढील बहुतेक उत्तरांत मी परतीच्या वाटेकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे.

प्रश्न : आमचे कार्यालय शिवाजी उद्यमनगरात आणि फाउंड्री गोकुळ शिरगावला आहे. दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटीचे राउटर बसवून त्यांच्यात वायरगार्डचा टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध वाट) जोडला आहे. कार्यालयाचे नेटवर्क १९२.१६८.१०.०, फाउंड्रीचे १९२.१६८.२०.० आणि टनेलची दोन टोके १०.९.०.१ व १०.९.०.२ अशी आहेत. हँडशेक (दोन टोकांची परस्पर ओळख) होतो, एका राउटरवरून दुसऱ्या राउटरला पिंगही (पोहोच तपासणारा संदेश) लागतो. परंतु हिशेब पाहणाऱ्यांच्या संगणकावरून फाउंड्रीतील उत्पादन-नोंदीच्या संगणकापर्यंत, म्हणजे १९२.१६८.२०.५० पर्यंत, काहीच पोहोचत नाही. दोनदा सर्व पुसून नव्याने मांडणी केली, तरी तेच. — एक उद्योजक, उद्यमनगर

उत्तर : सर्व पुसून नव्याने मांडणी करणे हा सर्वांत महागडा उपाय आहे, कारण त्यात चूक तर पुन्हा होतेच, शिवाय ती कोठे होती हे दाखवणारा पुरावाही नाहीसा होतो. यापुढे काही बदलण्याआधी दोन्ही राउटरच्या मांडणीची प्रत उतरवून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती ही, की राउटरवरून राउटरला पिंग लागतो. याचा अर्थ कूटबद्धतेच्या किल्ल्या बरोबर आहेत, इंटरनेट बरोबर आहे आणि टनेल जिवंत आहे. मात्र त्या पिंगच्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.९.०.१ असा असतो, तर हिशेबाच्या संगणकाच्या पॅकेटवर तो १९२.१६८.१०.० या नेटवर्कातील असतो. फरक एवढाच आहे, आणि दोष बहुधा याच फरकात दडलेला आहे.

वायरगार्डमधील ‘अलाउड आयपीज’ या यादीला दोन कामे असतात आणि ती एकच यादी दोन्ही कामे करते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी ती यादी ‘हा पत्ता कोणत्या टोकाकडे आहे’ हे सांगते. आत येणाऱ्या पॅकेटसाठी तीच यादी ‘या टोकाकडून कोणत्या पत्त्यांची पॅकेटे स्वीकारायची’ हे ठरवते. फाउंड्रीच्या राउटरवर आपल्या कार्यालयाच्या टोकासमोर फक्त १०.९.०.१ एवढेच लिहिलेले असेल, तर राउटरचा पिंग स्वीकारला जाईल आणि हिशेबाच्या संगणकाचे पॅकेट उलगडल्यानंतर गुपचूप टाकून दिले जाईल. त्याची कोणतीही सूचना आपल्याला दिसणार नाही. म्हणून फाउंड्रीच्या यादीत १९२.१६८.१०.० /२४ आणि कार्यालयाच्या यादीत १९२.१६८.२०.० /२४ असणे आवश्यक आहे (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सर्व पत्ते). त्याशिवाय ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्याच ठिकाणी ‘रूट अलाउड आयपीज’ अशी एक वेगळी खूण असते. ती केलेली नसेल तर यादी बरोबर असूनही राउटरच्या मार्गतक्त्यात मार्ग लिहिलाच जात नाही. राउटरच्या कमांड लाइनवर ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेपुढे १९२.१६८.२०.५० हा पत्ता दिल्यास पॅकेट कोणत्या इंटरफेसने (जोडणीच्या दाराने) जाणार ते राउटर स्वतःच सांगतो. तेथे वायरगार्डच्या इंटरफेसऐवजी वॅनचे, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या जोडणीचे, नाव आले, तर ही खूण राहिली आहे असे समजावे.

एवढ्यावर काम झाले नाही, तर अंदाज करणे थांबवून पाहायला लागावे. दोन्ही राउटरवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्राम, बसवा. तो ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मुळात नसतो, पण त्याची छोटी आवृत्ती सहज मिळते. हिशेबाच्या संगणकावरून पिंग चालू ठेवून चार ठिकाणी क्रमाने पाहा : कार्यालयाच्या लॅनवर (आतील नेटवर्कावर), कार्यालयाच्या वायरगार्ड इंटरफेसवर, फाउंड्रीच्या वायरगार्ड इंटरफेसवर आणि फाउंड्रीच्या लॅनवर. पहिल्या ठिकाणी पॅकेट दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, तर मार्ग किंवा फायरवॉल चुकली आहे. वायरगार्डचा इंटरफेस एखाद्या झोनमध्ये (फायरवॉलने केलेल्या इंटरफेसांच्या गटात) घातला आहे का आणि त्या झोनमधून लॅनकडे व लॅनमधून त्या झोनकडे, अशी दोन्ही दिशांची फॉरवर्डिंगची, म्हणजे पॅकेट पुढे देण्याची, परवानगी आहे का, ते तपासावे. दुसऱ्या ठिकाणी दिसते आणि तिसऱ्या ठिकाणी दिसत नाही, तर वर सांगितलेली फाउंड्रीची यादी पाहावी, कारण यादीबाहेरचे पॅकेट त्या इंटरफेसपर्यंत येतच नाही.

चौथ्या ठिकाणी, म्हणजे फाउंड्रीच्या लॅनवर, प्रश्न जाताना दिसतो पण उत्तर येताना दिसत नाही, असे आढळले तर दोन्ही राउटर निर्दोष आहेत. मग दोष त्या संगणकाचा. माझ्या पाहण्यात अशा वेळी दोन कारणे वारंवार येतात. पहिले म्हणजे त्या संगणकाचा गेटवे, म्हणजे बाहेरची पॅकेटे ज्याच्याकडे द्यायची तो पत्ता, अजून जुन्या राउटरचाच असतो. सेवा देणाऱ्याची पेटी आणि आपला राउटर दोन्ही एकाच स्विचला जोडलेले असतील आणि कोणीतरी पूर्वी तो पत्ता हाताने भरून ठेवला असेल, तर संगणक आपले उत्तर थेट त्या पेटीकडे पाठवतो आणि पेटीला १९२.१६८.१०.० हे नेटवर्क ठाऊकच नसते. दुसरे कारण विंडोजचे स्वतःचे फायरवॉल. ते आपल्याच सबनेटमधील (नेटवर्कातील) पिंगला उत्तर देते आणि दुसऱ्या सबनेटमधून आलेल्या पिंगला देत नाही, अशी त्याची नेहमीची मांडणी असते. तेथे कार्यालयाच्या नेटवर्कासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

परतीची वाट हाच दोष आहे का, याची खात्री करण्याची एक झटपट चाचणी आहे. फाउंड्रीच्या राउटरवर लॅन झोनसाठी मास्करेडिंग पाच मिनिटांपुरते चालू करा. त्यामुळे आलेले प्रत्येक पॅकेट स्थानिक राउटरनेच पाठवले आहे असे त्या संगणकाला वाटते आणि तो उत्तर त्याच्याकडेच परत देतो. असे करताच पिंग लागला, तर निदान झाले. मात्र चाचणीनंतर ते पुन्हा बंद करावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कायमचे चालू ठेवले तर काम चालेल, पण कोणत्या संगणकाने काय केले ही नोंद कायमची पुसट होईल, आणि उद्या काही गैरप्रकार झाला तर त्याचा माग लागणार नाही.

प्रश्न : आमचे हुपरीला चांदीचे लहान वर्कशॉप आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणे) केले, तरी बाहेरून मोबाइलवर सीसीटीव्ही दिसत नाही. — एक कारागीर, हुपरी

उत्तर : प्रथम राउटरच्या वॅन इंटरफेसवर कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातील असेल, तर सेवा देणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिला आहे. हा पट्टा याच कामासाठी २०१२ साली राखून ठेवण्यात आला. तो पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असेल, तर आपल्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे आणि पोर्ट त्याच्यावरही उघडावा लागेल, किंवा ती पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे ती नुसती जोडणी पुढे देईल अशा स्थितीत, टाकून घ्यावी लागेल. पहिल्या बाबतीत आपल्या बाजूने कितीही नियम लिहिले तरी उपयोग नाही, कारण बाहेरचे पॅकेट आपल्या दारापर्यंत येतच नाही. सेवा देणाऱ्याकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा.

तो मिळाल्यावरही डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पोर्ट थेट उघडू नये. चांदीच्या वर्कशॉपचे कॅमेरे ही बाहेरच्या कोणाला सहज मिळावी अशी वस्तू नाही, आणि या यंत्रांची सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षे जुनीच राहतात. राउटरवर वायरगार्ड चालू करून मोबाइल त्याला जोडावा आणि कॅमेरे त्यातून पाहावेत. चाचणी घेताना मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे, एवढे मात्र विसरू नये.

प्रश्न : शाहूपुरीत आमचे गुळाचे अडत दुकान आहे. फायबरच्या पीपीपीओई (नाव आणि पासवर्ड देऊन होणाऱ्या) जोडणीवर स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी राउटर लावल्यापासून विचित्र त्रास सुरू झाला. काही संकेतस्थळे लगेच उघडतात, काही नुसती फिरत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो, पण गुळाच्या रव्याचे छायाचित्र जात नाही. मोबाइल डेटावर सर्व चालते. सुरक्षिततेसाठी मी आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे इतर निरोप ज्यातून जातात ते) सर्व दिशांनी बंद केले आहे. याखेरीज काही वेगळे केलेले नाही. — एक अडत्या, शाहूपुरी

उत्तर : आपण शेवटच्या वाक्यात सहज लिहून टाकलेली गोष्ट हेच बहुधा या त्रासाचे मूळ आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

इथरनेटवर एका पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट असतो. पीपीपीओईचे स्वतःचे वेष्टन त्यातले ८ बाइट घेते, म्हणून आपल्या जोडणीवर १४९२ बाइटांपेक्षा मोठे पॅकेट मावत नाही. दुकानातील मोबाइल किंवा संगणकाला मात्र हे माहीत नसते. त्याच्या दृष्टीने तो १५०० बाइटांच्या वाय-फायला जोडलेला आहे. तो पूर्ण आकाराचे पॅकेट पाठवतो आणि त्यावर ‘याचे तुकडे करू नयेत’ अशी खूण असते. अशा वेळी राउटरने ते टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला ‘एवढे मोठे जात नाही, इतके लहान करा’ असा निरोप द्यायचा, अशी व्यवस्था १९९० सालच्या एका मानकाने घालून दिलेली आहे. हा निरोप आयसीएमपीतूनच जातो. आपण आयसीएमपी सर्व दिशांनी बंद केले, म्हणजे आपल्याच राउटरचा हा निरोप आपणच अडवला. मोबाइल तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, राउटर ते पुन्हा पुन्हा टाकून देतो आणि छायाचित्राचे चक्र फिरत राहते. मजकुराचे पॅकेट लहान असल्यामुळे ते निर्विघ्न जाते. आयसीएमपी म्हणजे केवळ पिंग आणि पिंग म्हणजे केवळ हल्लेखोरांचे साधन, हा समज फार नुकसान करतो. आपला तो नियम आजच काढून टाकावा.

त्यानंतर विंडोजच्या संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला तुकडे न करण्याची खूण लावून १४६४ बाइटांचा पिंग द्यावा. या १४६४ मध्ये आयपीच्या वेष्टनाचे २० आणि आयसीएमपीच्या वेष्टनाचे ८ बाइट मिळवले की १४९२ होतात. १४६४ ला उत्तर आले आणि १४६५ ला तुकडे करावे लागतील असा संदेश आला, तर सर्व यथास्थित आहे. १४६४ लाही उत्तर येत नसेल, तर आकडा थोडा थोडा खाली आणत कोणत्या आकाराला पिंग जातो ते शोधावे आणि त्यात २८ मिळवून येणारी संख्या पीपीपीओई इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) म्हणून भरावी.

आता उरतात ती न उघडणारी संकेतस्थळे. तेथे मोठे पॅकेट पलीकडून येते, आणि वाटेतल्या किंवा त्या संकेतस्थळाच्या राखणदारांनीही आपल्यासारखेच आयसीएमपी बंद केले असेल, तर त्यावर आपला इलाज चालत नाही. म्हणून जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजूंना लहान आकार सांगून टाकण्याची युक्ती वापरतात, तिला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. १४९२ मधून आयपी आणि टीसीपी यांच्या वेष्टनांचे मिळून ४० बाइट वजा केले की १४५२ उरतात, तोच हा आकार. ओपनडब्ल्यूआरटीच्या वॅन झोनमध्ये ही सोय मुळातच चालू असते. आपण पीपीपीओईसाठी वेगळा झोन केला असल्यास तेथे ती खूण स्वतः करावी लागेल.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. तेथे वाटेतला कोणताही राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, त्यामुळे आयसीएमपीव्ही६ अडवणे म्हणजे ती जोडणी अपंग करणे होय. ब्राउझर आयपीव्ही६ वर जोडणी लागली नाही तर आयपीव्ही४ कडे वळतो. पण येथे जोडणी लागते, कारण जोडणीची पॅकेटे लहान असतात, आणि त्यानंतर सर्व थांबते. त्यामुळे त्याला वळण्याची वेळच येत नाही. ‘काही संकेतस्थळे चालतात, काही चालत नाहीत’ या तक्रारीमागे हे कारण मला अनेकदा सापडले आहे.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी दोन व्हर्च्युअल मशिनवर एफआरआर (राउटरचे काम करणारे सॉफ्टवेअर) टाकून ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगण्याची पद्धत) चालवत आहे. दोघांत पिंग लागतो, शेजारीही दिसतो, पण स्थिती ‘एक्सस्टार्ट’वरच, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावरच, अडकून राहते. — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधीच्या पत्रातील आकाराचाच प्रश्न येथे वेगळ्या वेषात आला आहे. दोन्ही मशिनच्या इंटरफेसचे एमटीयू ताडून पाहा. एकीकडे १५०० आणि दुसरीकडे १४५० किंवा ९००० असे काही सापडेल. ओळख करून देणाऱ्या हॅलो पॅकेटांत एमटीयूचा उल्लेख नसतो, म्हणून शेजारी ओळखला जातो. पुढे माहितीसाठ्याचा तपशील देणाऱ्या पॅकेटांत तो लिहिलेला असतो, आणि शेजाऱ्याने सांगितलेला आकार आपल्यापेक्षा मोठा असेल तर ओएसपीएफ ते पॅकेट नाकारते. एमटीयू दुर्लक्षित करण्याची आज्ञा एफआरआरमध्ये आहे. ती दिल्यास स्थिती ‘फुल’ (पूर्ण) दिसेल, पण पुढे मोठी पॅकेटे हरवतील आणि त्याचे कारण शोधणे याहून अवघड जाईल. आकार सारखे करावेत.

मार्ग तक्त्यात आले आणि तरीही पलीकडच्या नेटवर्कात पॅकेट जात नसेल, तर लिनक्सचे आयपी फॉरवर्डिंग १ वर आहे का ते पाहावे. लिनक्समध्ये ते मुळात बंद असते, आणि ते बंद असताना मार्गतक्ता कितीही अचूक असला तरी मशिन दुसऱ्यांचे पॅकेट पुढे देत नाही.

प्रश्न : कागलजवळच्या आमच्या शाळेत ओपीएनसेन्स १९२.१६८.१.१ वर आहे. त्याच नेटवर्कात १९२.१६८.१.२ वर एक लिनक्स राउटर असून त्याच्यामागे संगणक-प्रयोगशाळेचे १९२.१६८.५०.० हे नेटवर्क आहे. ओपीएनसेन्सवर त्यासाठी स्टॅटिक (हाताने लिहिलेला, कायमचा) मार्ग लिहिला. कार्यालयातून प्रयोगशाळेच्या सर्व्हरला पिंग उत्तम लागतो, परंतु त्याचे वेब पान उघडत नाही किंवा अर्धवट उघडून तुटते. फायरवॉलमध्ये सर्व परवानग्या दिलेल्या आहेत, तरी नोंदींत अडवलेली पॅकेटे दिसतात. — एक संगणक शिक्षक

उत्तर : नोंदी पाहण्याची तसदी आपण घेतलीत, याचे मला मनापासून समाधान वाटते, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. अडवलेल्या त्या पॅकेटांसमोर टीसीपीच्या खुणा कोणत्या आहेत ते पाहा. तेथे नवी जोडणी दाखवणाऱ्या ‘एस’ऐवजी ‘ए’, ‘पीए’ किंवा ‘एसए’ लिहिलेले असेल, तर अडवली गेलेली पॅकेटे नव्या जोडणीची नाहीत. फायरवॉलला ज्या संभाषणाचा एक भाग कधी दिसलाच नाही, अशा संभाषणाची ती आहेत.

कार्यालयाच्या संगणकाला गेटवे म्हणून फक्त ओपीएनसेन्स माहीत आहे. म्हणून त्याचे पॅकेट ओपीएनसेन्सकडे जाते, तेथून लिनक्स राउटरकडे आणि मग सर्व्हरकडे. उत्तर परत येताना लिनक्स राउटर पाहतो, की हा संगणक तर माझ्याच नेटवर्कात समोर बसला आहे. मग तो ते उत्तर ओपीएनसेन्सकडे न देता थेट संगणकाच्या हातात देतो. राउटर म्हणून त्याचे वागणे बरोबर आहे. मात्र ओपीएनसेन्स केवळ राउटर नाही. तो प्रत्येक टीसीपी जोडणीची स्थिती लक्षात ठेवतो. त्याने प्रश्न पाहिला, उत्तर पाहिले नाही, आणि आता तिसरे पॅकेट आले. त्याच्या हिशेबी हे संभाषण नियमाला धरून नाही, म्हणून तो ते पॅकेट अडवतो. ‘सर्व परवानग्या’ देणारा नियम केवळ जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटला लागू होतो, त्यामुळे येथे तो कामाला येत नाही. पिंगमध्ये प्रत्येक प्रश्न स्वतंत्र असतो, पुढचा प्रश्न मागच्या उत्तरावर अवलंबून नसतो, म्हणून तो बिनतक्रार जातो आणि आपली दिशाभूल करतो.

एकाच इंटरफेसवरून आत येऊन त्याच इंटरफेसवरून बाहेर जाणारी रहदारी तपासणीतून वगळण्याची सोय ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्स या दोघांतही आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत तातडीने काम चालवायचे असल्यास ती वापरायला माझी हरकत नाही. खरा उपाय मात्र वाट दुरुस्त करण्याचा आहे. लिनक्स राउटरला कार्यालयाच्या नेटवर्कातून बाहेर काढावे, ओपीएनसेन्सच्या वेगळ्या पोर्टवर किंवा वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचमधील स्वतंत्र आभासी नेटवर्कावर) बसवावे आणि त्या दोघांपुरते १०.०.०.० /३० असे लहानसे नेटवर्क द्यावे. लिनक्स राउटरचा गेटवे त्या जोडणीवरील ओपीएनसेन्सचा पत्ता ठेवावा. मग जाणारे आणि येणारे पॅकेट एकाच दारातून जाईल. स्विच व्हीलॅन समजणारा नसेल आणि पोर्टही शिल्लक नसेल, तर डीएचसीपीच्या (संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेच्या) १२१ क्रमांकाच्या पर्यायातून प्रत्येक संगणकाला प्रयोगशाळेचा मार्ग थेट लिनक्स राउटरकडे आहे असे सांगता येते. पण पत्ते हाताने भरलेली यंत्रे त्यातून सुटतात, म्हणून तो मी दुय्यम मानतो.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. वीज परत आली की दवाखान्यातील ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर सुरू होतो, इंटरनेट जोडल्याचे दाखवतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, आणि कोल्हापुरातील रुग्णालयाशी जोडलेला वायरगार्डही लागत नाही. कधी तासाभराने आपोआप सुरू होते, कधी होत नाही. वीज न जाता राउटर बंद करून लगेच चालू केला तर सर्व ठीक असते. म्हणून पर्यायी दुसरी लाइन घ्यावी का? — एक डॉक्टर, पन्हाळा तालुका

उत्तर : दुसऱ्या लाइनीने हा त्रास जाणार नाही, म्हणून आधी तो खर्च थांबवावा. पुढच्या वेळी असे झाले की राउटरवर तीन गोष्टी पाहाव्यात : एखाद्या आकडी पत्त्याला पिंग लागतो का, नावाचा पत्ता सापडतो का, आणि राउटरच्या मते आज तारीख व वेळ काय आहे. पिंग लागतो, नाव सापडत नाही आणि वेळ मागे पडलेली आहे, असे आढळले तर कारण निश्चित झाले.

बहुतेक लहान राउटरांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी आपल्या मांडणीच्या फाइलींपैकी सर्वांत अलीकडे बदललेल्या फाइलीची वेळ हीच सध्याची वेळ धरतो आणि मग इंटरनेटवरून ती दुरुस्त करून घेतो. ती फाइल तीन महिन्यांपूर्वीची असेल तर राउटर तीन महिने मागे असतो. आपण डीएनएसएसईसी (डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, उत्तरांवरील स्वाक्षरी तपासण्याची सोय) किंवा कूटबद्ध डीएनएस चालू केले असेल, तर चुकीच्या वेळेमुळे स्वाक्षऱ्या आणि प्रमाणपत्रे ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ अशी ठरतात आणि नावे सापडत नाहीत. नावे सापडत नाहीत म्हणून वेळ सांगणारा सर्व्हरही सापडत नाही. आणि वेळ मिळत नाही म्हणून नावे सापडत नाहीत. या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी वेळेच्या सर्व्हरांच्या यादीत एक तरी पत्ता आकडी ठेवावा. क्लाउडफ्लेअरच्या वेळसेवेचा १६२.१५९.२००.१ हा पत्ता त्यासाठी चालेल. आकडी पत्त्याला डीएनएस लागत नाही.

आपण बंद करून लगेच चालू केल्यावर ठीक का होते, हा प्रश्न मलाही काही काळ अडवून बसला. त्या आधी आपण मांडणीत काहीतरी बदलून जतन करता का, ते आठवून पाहा. तसे असेल तर फाइलीची वेळ ताजी होते आणि राउटर जवळजवळ बरोबर वेळेने उठतो.

वायरगार्डचे कारणही घड्याळातच आहे. जोडणीची सुरुवात करणाऱ्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो आणि समोरचे टोक त्या टोकाकडून आलेला सर्वांत नवा शिक्का लक्षात ठेवून त्याहून जुना संदेश नाकारते, म्हणजे कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवला तर तो फसवणूक करू शकणार नाही. वीज जाण्यापूर्वी आपल्या राउटरने आजचा शिक्का दिला होता आणि आता तो तीन महिन्यांपूर्वीचा देतो आहे. रुग्णालयाचा राउटर तो नाकारतो, आणि त्याने तसेच करायला हवे. आपल्या टोकाला रुग्णालयाचा पत्ता नावाने भरला असेल, तर टनेल सुरू होतानाच ते नाव शोधले जाते. त्या क्षणी डीएनएस चालत नसेल तर घड्याळ नंतर सुधारले तरी टनेल अडकून राहू शकतो. तेथे शक्य असल्यास आकडी पत्ता भरावा, अन्यथा वेळ मिळाल्यावर तो इंटरफेस पुन्हा सुरू करण्याची सोय करावी.

दुसऱ्या लाइनीच्या पैशांतून एक छोटा डीसी यूपीएस घ्यावा आणि त्यावर राउटरबरोबर फायबरची पेटीही जोडावी. यूपीएसवर केवळ राउटर जोडून पेटी भिंतीच्या प्लगवर ठेवल्याचे मी बऱ्याच दवाखान्यांत पाहिले आहे. आपण पुढे कधी दुसरी लाइन घेतलीच, तर दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत नाहीत ना हे प्रथम पाहावे. पर्यायी लाइन कधी वापरायची हे ठरवताना राउटरने केवळ केबल जोडलेली आहे किंवा सेवा देणाऱ्याचा गेटवे उत्तर देतो आहे एवढ्यावर विसंबू नये. त्याच्याही पलीकडच्या दोन-तीन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करून पाहण्यास त्याला सांगावे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हे काम एमवॅन३ नावाचे सॉफ्टवेअर करते.